मेंदूच्या गाठीत टी-पेशी नेमक्या कुठे अडतात: एकाच स्लाइडवर मॅट्रिक्स आणि सीडी८ रंगवण्याची पद्धत

ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक गाठीवरच्या प्रबंधात ‘सीडी८ पेशी प्रति चौरस मिलिमीटर २४’ असा आकडा लिहिलेला असतो आणि त्यालाच ‘टी-पेशींचा शिरकाव’ म्हटलेलं असतं. सीडी८ ही मारक टी-पेशींवरची खूण. हा आकडा एकटाच असेल तर त्यावर विसंबू नये. त्या २४ मधल्या काही पेशी रक्तवाहिनीच्या पोकळीत रक्ताबरोबर वाहत होत्या, बऱ्याचशा वाहिनीच्या भिंतीतल्या जाळीत अडकल्या होत्या आणि गाठीच्या पेशींपर्यंत पोचलेल्या कदाचित पाच-सहाच होत्या. खाजनाच्या (खाडीकाठच्या बांधाच्या शेताच्या) मानशीशी, म्हणजे पाण्याच्या दाराशी, अडलेली मासळी मोजून ती नदीत पोचली असं कोणी म्हणत नाही. इथेही पेशी दाराच्या कुठल्या बाजूला आहे हे आधी ठरवावं लागतं.

त्यासाठी दार आणि पेशी दोन्ही एकाच सेक्शनवर (ऊतीच्या पातळ कापावर) दिसायला हवीत. पुढे दिलेली पद्धत पॅराफिन ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या नमुन्यावर), साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकावर होते. सीडी८ तपकिरी, भिंतीतलं कोलॅजन-४ लाल आणि शेजारच्या सेक्शनवर टेनासिन-सी. ही दोन्ही मॅट्रिक्सची, म्हणजे पेशींबाहेरच्या जाळीची, प्रथिनं. बांबोळीला (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) पॅथॉलॉजीचा प्रबंध करणारे निवासी डॉक्टर, ताळगावच्या पठारावरचे (गोवा विद्यापीठाचे) संशोधक विद्यार्थी आणि सेक्शन कापणारे तंत्रज्ञ यांच्यासाठी हे लिहिलं आहे. गोव्याच्या हवेत जे हमखास बिघडतं, ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

भिंत कशाची बनलेली आहे

निरोगी मेंदूत पेशींबाहेरची जागा साधारण २० टक्के असते आणि तिच्यात तंतुमय कोलॅजन जवळजवळ नसतं. हायलुरोनन, ब्रेव्हिकॅन, न्यूरोकॅन, व्हर्सिकॅन, टेनासिन-आर अशी मऊ, पाणी धरून ठेवणारी जाळी असते. कोलॅजन-४, लॅमिनिन, निडोजेन आणि पर्लेकॅन हे रक्तवाहिन्यांभोवतीच्या बेसमेंट मेम्ब्रेनमध्ये (पातळ आधार-पटलात) असतात.

टी-पेशी प्रामुख्याने केशवाहिन्यांपुढच्या लहान शिरांमधून बाहेर पडतात. तिथे अशी पटलं दोन असतात. आतलं एंडोथेलियमचं आणि बाहेरचं अ‍ॅस्ट्रोसाइटच्या पायांलगतचं. मधे पेरिव्हॅस्क्युलर जागा. पहिलं पटल ओलांडलेली पेशी या जागेत येते, पण दुसरं ओलांडल्याशिवाय ती मेंदूच्या ऊतीत येत नाही. मेंदूदाहाच्या उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की जिथे लॅमिनिनची आल्फा-५ साखळी कमी असते, तिथूनच टी-पेशी पहिलं पटल ओलांडतात. म्हणजे भिंत सगळीकडे सारखी नसते.

ग्लायोब्लास्टोमात ही भिंत बदलते. वाहिन्यांच्या गुंतवळ्यांभोवती टेनासिन-सी, फायब्रोनेक्टिन आणि कोलॅजनचे जाड थर साचतात. टेनासिन-सी टी-पेशींची चाल आणि सक्रियता दाबतं, आणि तेच टीएलआर-४ या ग्राहीमार्गे मॅक्रोफेजना (भक्षक पेशींना) चेतवतं. म्हणून ‘टेनासिन-सी म्हणजे प्रतिकाराला अडसर’ असं सरसकट लिहू नका. मॅक्रोफेज आणि मायक्रोग्लिया (मेंदूतल्याच भक्षक पेशी) मिळून काही गाठींमध्ये पेशींचा तिसरा हिस्सा, कधी निम्मा भाग व्यापतात. टी-पेशी मात्र थोड्या. एकाच जाळीतून एकाला वाट मिळते आणि दुसरा अडतो.

ब्लॉक निवडताना

नैतिकता समितीची मंजुरी आधी, ब्लॉक नंतर. प्रत्येक रुग्णाची माहिती तक्त्यात भरा: गाठ पहिली की परत आलेली, आयडीएच जनुकात म्युटेशन आहे की नाही (२०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात ग्लायोब्लास्टोमा म्हणजे फक्त आयडीएच-वाइल्डटाइप, म्हणजे म्युटेशन नसलेली गाठ), रेडिएशन झालंय का, आणि शस्त्रक्रियेआधी डेक्सामेथासोन किती मिलिग्रॅम, किती दिवस. शेवटची नोंद बहुतेक जण विसरतात. सूज उतरवायला दिलेलं हे स्टेरॉइड टी-पेशी कमी करतं. एका रुग्णाला दोन दिवस आणि दुसऱ्याला बारा दिवस मिळालं असेल, तर दोघांच्या सीडी८ मधला फरक मॅट्रिक्समुळे आहे हे तुम्हाला सिद्ध करता येणार नाही. रेडिएशननंतर वाहिन्यांच्या भिंती काचेसारख्या जाड होतात, म्हणून परत आलेल्या गाठी वेगळ्या गटात ठेवा.

ब्लॉक रुग्णाचा आहे. पुढच्या सल्ल्यासाठी तो परळला (मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात) न्यावा लागू शकतो, मॉलिक्युलर चाचण्या बाकी असू शकतात. ऊती कमी असेल तर तो ब्लॉक अभ्यासात घेऊ नका. एका ब्लॉकमधून ४ मायक्रॉनचे आठ सेक्शन पुरतात: पहिला आणि शेवटचा एच-अँड-ई (नेहमीची स्टेन), मधले सहा स्टेनिंगसाठी. पहिल्या आणि शेवटच्यात तीच जागा दिसली, तरच मधल्या सेक्शनांची तुलना खरी.

अल्ट्रासॉनिक अ‍ॅस्पिरेटरने खेचलेले तुकडे आणि कॉटरीने जळलेल्या कडा टाळा. जळलेल्या कडेला कुठलीही अँटिबॉडी चिकटते.

फिक्सेशन १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये, ऊतीच्या किमान दहापट, २४ तास. चवथीच्या आधी आलेला नमुना सुट्टीभर फॉर्मालिनमध्ये राहिला, तर प्रथिनांमधले बंध वाढतात आणि रिट्रीव्हलला (फिक्सेशनने झाकलेली प्रथिनं पुन्हा उघडी करण्याला) जास्त वेळ द्यावा लागतो. फॉर्मालिनमधले तास नोंदवहीत लिहा. नंतर ‘या तीन केस फिक्या का आल्या’ याचं उत्तर बहुधा तिथेच सापडतं.

सेक्शन स्लाइडवर टिकवणं

पांढऱ्या द्रव्याचा भाग चरबीयुक्त असतो आणि रिट्रीव्हलमध्ये सुटून तरंगतो. पॉझिटिव्ह चार्ज असलेल्या स्लाइड वापरा. पावसाळ्यात उघड्या डब्यातल्या स्लाइड ओल धरतात आणि पकड जाते, म्हणून डबा सिलिका जेलसह हवाबंद ठेवा आणि लागतील तेवढ्याच बाहेर काढा. मायक्रोटोमवर घेण्याआधी ब्लॉक बर्फावर दहा मिनिटं ठेवा. मे महिन्यात खोली ३२ अंशांवर असताना मेण मऊ पडतं आणि सेक्शन दाबले जातात. वॉटर बाथ मेणाच्या वितळबिंदूपेक्षा १० ते १५ अंश खाली, म्हणजे ५८-६० अंशांच्या मेणाला साधारण ४५. सेक्शन घेतल्यावर स्लाइड उभ्या करून पाणी निथळू द्या, रात्रभर ३७ अंशांवर ठेवा आणि सकाळी एक तास ६० अंशांवर. जून ते सप्टेंबर हा रात्रभराचा टप्पा गाळलात, तर सेक्शनखाली पाण्याचा पातळ थर राहतो आणि प्रेशर कुकरमध्ये नेमका तोच उकळतो.

अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोल हवेतली ओल ओढतं. बरणीच्या तळाशी निर्जल कॉपर सल्फेट टाका, वर फिल्टर पेपरचे दोन थर. पावडर पांढरट आहे तोवर ठीक. निळी झाली की अल्कोहोलमध्ये पाणी शिरलं आहे. झायलीन दुधाळ दिसू लागलं तर कारण तेच. दोन्ही बदला.

बफर

रिट्रीव्हल: ट्रिस बेस १.२१ ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए ०.३७ ग्रॅम, डिस्टिल्ड पाणी १ लिटर, पीएच ९.०, मग ट्वीन-२० ०.५ मिली.

धुण्यासाठी टीबीएस: ट्रिस बेस ६.०५ ग्रॅम, मीठ (सोडियम क्लोराइड) ८.७६ ग्रॅम, पाणी १ लिटर, हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ७.६.

पेप्सिन: ०.२ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात १ मिलिग्रॅम प्रति मिली, वापराआधी ताजं. हे आम्ल करायला ९८ मिली पाण्यात १.७ मिली तीव्र आम्ल टाका आणि पाणी घालून १०० मिली करा. आम्ल पाण्यात, पाणी आम्लात कधीच नाही.

ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर घसरतो, दर अंशाला साधारण ०.०३. एसीच्या २२ अंशांत बसवलेला ७.६ बाहेरच्या ३२ अंशांत ७.३ च्या आसपास येतो. म्हणून ज्या खोलीत स्टेनिंग करणार तिथेच पीएच बसवा. पीबीएस (फॉस्फेटचा बफर) इथे चालत नाही. दुसरा रंग अल्कलाइन फॉस्फेटेजने येतो आणि फॉस्फेट त्या एन्झाइमला अडवतं. तसंच तपकिरी रंग आणणाऱ्या एचआरपी एन्झाइमच्या कुठल्याही टप्प्यात सोडियम अझाइड असलेला बफर नको, एन्झाइम मरतं.

दुहेरी स्टेनिंग

सीडी८ साठी सी८/१४४बी आणि कोलॅजन-४ साठी सीआयव्ही-२२ हे दोन्ही क्लोन उंदराचे आहेत. दोन्ही एकत्र टाकल्या तर दुसरा रंग पहिल्या अँटिबॉडीवरही बसेल. म्हणून एकामागून एक आणि क्रम ठरलेला. सीडी८ ला उष्णता लागते आणि पेप्सिनने त्याची खूण जाऊ शकते, कोलॅजन-४ मात्र मेंदूच्या ऊतीत पेप्सिननंतरच नीट उघडं पडतं. सीडी८ आधी.

१. झायलीन दोनदा, १० मिनिटं प्रत्येकी. १००, ९५, ७० टक्के अल्कोहोल, मग पाणी.

२. ट्रिस-ईडीटीएमध्ये ९५ ते ९८ अंशांवर २० मिनिटं. प्रेशर कुकर असेल तर पूर्ण दाब आल्यावर ३ मिनिटं पुरतात. त्याच बफरमध्ये अर्धा तास निवू द्या. गरम स्लाइड नळाखाली धरली की मेंदूचा सेक्शन सुटलाच समजा.

३. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं. टीबीएसने तीनदा धुवा. ५ टक्के गोट सीरम ३० मिनिटं, झटकून टाका, धुवू नका.

४. सीडी८, १:१०० पासून सुरुवात, स्लाइडमागे १५० मायक्रोलिटर, दमट डब्यात ४ अंशांवर रात्रभर. नवीन बाटली आली की १:५०, १:१००, १:२००, १:४०० टॉन्सिलवर तपासून पाहा.

५. एचआरपी पॉलिमर ३० मिनिटं, धुवा, डीएबी (तपकिरी रंगद्रव्य). कंपनीच्या कागदावरची ‘रूम टेंपरेचरला ५ मिनिटं’ २०-२५ अंशांची असतात. गोव्यातल्या खोलीत दोन-तीन मिनिटांतच पार्श्वभूमी तपकिरी होऊ लागते. पहिली स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून घड्याळ लावा, जो वेळ येईल तोच सगळ्यांना. डीएबी कर्करोगकारक मानतात. हातमोजे घाला, उरलेलं सिंकमध्ये ओतू नका.

६. पेप्सिन, ३७ अंश. उष्णतेच्या रिट्रीव्हलनंतर ऊती आधीच नाजूक झालेली असते, म्हणून ३, ६ आणि १० मिनिटं अशी चाचणी घ्या. वाहिनीची रेघ सलग लाल आणि केंद्रकं शाबूत, तो वेळ बरोबर. केंद्रकं फिकी, कडा विरलेल्या, तर जास्त झालं. डीएबीचा थर पहिल्या अँटिबॉडीला झाकतो आणि आम्ल-पेप्सिनने उरलेली निष्प्रभ होते.

७. पुन्हा सीरम, कोलॅजन-४ एक तास, अल्कलाइन फॉस्फेटेज पॉलिमर ३० मिनिटं, लाल क्रोमोजेन (रंगद्रव्य).

८. हिमॅटॉक्सिलिन ३० सेकंद, त्याहून जास्त नको. गडद निळ्यात तपकिरी कडा बुडतात.

लाल क्रोमोजेन दोन जातीचे मिळतात. काही अल्कोहोलमध्ये विरघळतात, त्यांच्यावर पाण्यात मिसळणारं माउंटंटच लावायचं. अल्कोहोल-झायलीनमधून नेलीत तर सगळी रेघ धुऊन जाते आणि दोन दिवसांचं काम पाण्यात. लेबल वाचा.

प्रत्येक फेरीत टॉन्सिल (सीडी८ चा पॉझिटिव्ह कंट्रोल), आणि शिवाय एक स्लाइड अशी की जिच्यात दुसरी प्रायमरी, म्हणजे कोलॅजन-४ ची अँटिबॉडी, वगळून बाकी सगळं केलेलं आहे. त्या स्लाइडवर सीडी८ पेशींभोवती लाल कडा दिसली, तर दुसरा रंग पहिल्या अँटिबॉडीवर बसतोय. अशा फेरीतला एकही आकडा वापरू नका. कोलॅजन-४ ला वेगळा पॉझिटिव्ह कंट्रोल लागत नाही. सेक्शनमधली प्रत्येक निरोगी केशवाहिनी तोच आहे.

टेनासिन-सी शेजारच्या सेक्शनवर एकटं रंगवा, सिट्रेट पीएच ६.० ने सुरुवात करा. बऱ्या होत असलेल्या जखमेची ग्रॅन्युलेशन ऊती चांगला पॉझिटिव्ह कंट्रोल आहे. हायलुरोनन प्रथिन नाही, त्यामुळे त्याला साधी अँटिबॉडी नसते. बायोटिन लावलेलं हायलुरोनन-बाइंडिंग प्रोटीन वापरतात आणि शेजारची स्लाइड आधी स्ट्रेप्टोमायसिसच्या हायलुरोनिडेजने पचवतात. पचवलेल्या स्लाइडवरही रंग आला तर तो हायलुरोननचा नव्हे.

पैसे कमी असतील तर रेटिक्युलिनची चांदीची स्टेन आणि पिक्रोसिरियस रेड यांनी सुरुवात करा. वाहिन्यांभोवतीचं तंतुमय जाळं त्यातही ओळखू येतं आणि खर्च फार कमी.

जे डोळ्यांना फसवतं

हिमोसिडरिन. मेंदूच्या गाठीत जुना रक्तस्राव नेहमीचाच, आणि लोह गिळलेले मॅक्रोफेज नेमके वाहिनीलगत, नेमके तपकिरी. ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली थांबून पाहा. सीडी८ चा रंग पेशीच्या कडेला पातळ अंगठीसारखा असतो, आत गोल गडद केंद्रक आणि जवळपास काहीच सायटोप्लाझम नाही. हिमोसिडरिनचे दाणे सोनेरी-तपकिरी, जाडेभरडे, सायटोप्लाझमभर पसरलेले, केंद्रक बाजूला सरकलेलं. शंका आली तर शेजारच्या सेक्शनवर लोहाची पर्ल्स स्टेन करा, लोह निळं होईल.

दुसरा फसवा फायब्रोनेक्टिन. रक्तद्रवातच त्याचा साठा असतो आणि ग्लायोब्लास्टोमातल्या वाहिन्या गळतात. साधी अँटिबॉडी वापरलीत तर गळालेलं रक्त मोजाल आणि ‘गाठीने बनवलेलं मॅट्रिक्स’ म्हणून लिहाल. पेशींनी बनवलेलं वेगळं पाहायचं तर ईडीए भाग ओळखणारा आयएसटी-९ क्लोन घ्या.

मायक्रोग्लिया आणि बाहेरून आलेले मॅक्रोफेज यांच्यात आयबीए-१ ही खूण फरक करत नाही. टीएमईएम११९ आणि पी२आरवाय१२ या मायक्रोग्लियाच्या खुणा आहेत खऱ्या, पण गाठीतल्या मायक्रोग्लियात त्या फिक्या पडतात. त्या नसल्या म्हणजे पेशी रक्तातून आली, हा निष्कर्ष काढू नये.

आणि तिरपी कापलेली वाहिनी. पटल रेघेऐवजी लाल पट्टा दिसतो आणि त्यावरची पेशी आत आहे की वर, कळत नाही. अशा वाहिन्या मोजणीतून वगळा आणि किती वगळल्या ते लिहा.

मोजणी

आयपीसवरचा फील्ड नंबर वाचा. २२ असेल तर ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली वर्तुळाचा व्यास २२ भागिले ४०, म्हणजे ०.५५ मिमी, आणि क्षेत्रफळ ०.२४ चौरस मिमी. फील्ड नंबर १८ असेल तर ०.१६. नुसतं ‘प्रति हाय पॉवर फील्ड’ लिहिलं की दोन सूक्ष्मदर्शकांत दीडपट फरक लपतो.

गाठीचा गाभा आणि पसरती कड यांची दहा-दहा फील्ड वेगळी घ्या. नेक्रोसिसपासून दूर राहा. प्रत्येक सीडी८ पेशीला तीनांपैकी एक जागा द्या: लाल रेघेच्या आत पोकळीत; रेघेत किंवा रेघांच्या मधे; किंवा सर्वांत बाहेरच्या रेघेपलीकडे ऊतीत. उदाहरण म्हणून, दहा फील्डांत म्हणजे २.३८ चौरस मिमीत ५७ पेशी. त्यातल्या पोकळीत १२, भिंतीत ३१, ऊतीत १४. एकूण घनता २४, पण खरा शिरकाव प्रति चौरस मिमी ५.९. अडलेल्यांचं प्रमाण काढायचं तर पोकळीतल्या सोडून द्या: ४५ पैकी ३१. टेनासिन-सीशी ताडून पाहायचा आकडा हाच.

स्लाइड स्कॅन केल्या असतील तर क्यूपाथ हे मोफत सॉफ्टवेअर वाहिनीच्या कडेपासून प्रत्येक पेशीचं अंतर काढून देतं. मात्र ते एका वेळी तीनच रंग वेगळे करतं, आणि तपकिरी-लाल एकमेकांत मिसळतात. रंगांचे व्हेक्टर फक्त डीएबी आणि फक्त लाल अशा एकेरी स्लाइडवरून बसवा, दुहेरी स्लाइडवरून नाही. कॅमेऱ्याने फोटो घेत असाल तर स्टेज मायक्रोमीटरने पिक्सेलचं माप बसवल्याशिवाय अंतराचा एकही आकडा देऊ नका.

दोघांनी मोजा, दोघांनाही रुग्णाची माहिती माहीत नसावी, आणि जुळणी किती झाली तेही छापा.

संख्याशास्त्रात सर्वांत मोठी चूक इथेच होते. १२ रुग्णांची दहा-दहा फील्ड म्हणजे १२० निरीक्षणं नव्हेत. एकाच गाठीतली फील्ड एकमेकांसारखी असतात. नमुना १२ चाच. रुग्णामागे एक मध्यक काढा किंवा मिक्स्ड मॉडेल वापरा. १२० धरून आलेला सुंदर पी-व्हॅल्यू १२ धरला की बऱ्याचदा उरत नाही. आणि उरला तरी टेनासिन-सी जास्त तिथे अडलेल्या पेशी जास्त, एवढंच त्यातून म्हणता येतं. जाळीने अडवलं की अडलेल्या पेशींमुळे जाळी वाढली, हे स्थिर स्लाइड सांगत नाही. त्यासाठी जिवंत ऊतीच्या कापांवर टेनासिन-सी रोखून पेशींची चाल पाहावी लागते.

लाल रंग उजेडात फिका पडतो, म्हणून मोजणीचे फोटो आठवड्याच्या आत घ्या आणि स्लाइड अंधाऱ्या, कोरड्या डब्यात ठेवा. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर पावसाळ्यात बुरशी धरते. डिफ्यूज दिसणारा लाल रंग पाहून क्रोमोजेन बदलण्याआधी आयपीस काढून उजेडाकडे धरा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर दोष स्लाइडचा नाही. मोजणी संपली की ब्लॉकचा कापलेला पृष्ठभाग मेणाने बंद करून तो ज्या नंबरखाली आला त्याच नंबरखाली परत ठेवा.